गोल चेहऱ्यांची रांग

आमच्या लुआंग तांचा चेहरा गोल व्हायला लागला तेव्हा गावाने त्याचं श्रेय पुण्याईला दिलं. दुसरं कारण शोधायला कुणी गेलं नाही. पुण्याईत काही कमी पडत असतं तर गेलो असतो.

लुआंग ता थोंगइन हे आमच्या नोंग फाई गावच्या विहारातले सर्वांत वयस्क भिक्खू. लुआंग ता म्हणजे आजोबाही आणि महाराजही. चौथ्या महिन्यात, भात घरात येऊन पडला आणि उकाडा सुरू झाला, की विहारात बुद्धांच्या आधीच्या जन्मातल्या दानशूर राजपुत्राचं आख्यान लागतं. तेरा अध्याय, सगळे गाऊन, सगळे एका दिवसात. जो तेराच्या तेरा एका दिवसात ऐकेल त्याला पुढच्या बुद्धांच्या काळी जन्म मिळतो, असं जुने लोक सांगत आले. मी कळायला लागल्यापासून एकही वर्ष चुकवलेलं नाही. एकदा बाळंतपणात ओसरीवर पडून भोंग्यावरून ऐकलं. ते धरायचं की नाही, ते पुढचे बुद्ध बघतील.

तेरापैकी म्हाताऱ्या भिकाऱ्याचा अध्याय लुआंग तांचा. हा भिकारी लोभी, कुरूप, तरण्या बायकोच्या धाकात असलेला. तो रानात जाऊन राजपुत्राकडे त्याची पोरंच मागतो. दुसरे भिक्खू हा अध्याय गातात तेव्हा लोक हसतात. लुआंग ता गातात तेव्हाही हसतात, आणि हसता हसता एकेकाला आपण कुणाकडून काय काय मागून आणलं ते आठवायला लागतं. त्यांचा आवाज भाताच्या कोठीतून आल्यासारखा खालून निघतो, ओळीच्या शेवटी वर चढतो आणि तिथे थांबतो. तेवढा वेळ पंख्यांचासुद्धा आवाज येत नाही. पंखे जुने आहेत, एरवी येतो.

पण गायचं गळ्याने असलं तरी बसायचं गुडघ्यांनी असतं. आमचं प्रवचनाचं आसन म्हणजे उंच, नक्षीकामाची लाकडी पेटी. पाच-सहा उभ्या पायऱ्या चढून आत जायचं आणि दोन्ही पाय दुमडून एका बाजूला घ्यायचे, म्हणजे तळवे मूर्तीकडेही नकोत आणि माणसांकडेही नकोत. तसं बसून तासभर गायचं. लुआंग ता जन्मभर तसे बसत आले. दोन वर्षांपूर्वी अध्याय संपवून ते उठायला गेले तेव्हा गुडघ्यातून ‘कट्ट’ असा आवाज आला. माईक सुरूच होता. मागच्या लोकांना वाटलं पोरांनी फटाका लावला. दोघातिघांनी पोरांना मारलंसुद्धा. मग चार माणसांनी लुआंग तांना खाट उतरवावी तसं खाली उतरवलं.

त्याच्या पुढच्या वर्षी केवअक्काच्या गोळ्या आल्या.

केवअक्का माझी थोरली जाऊ. विहारातल्या बायकांची पुढारी तीच. कुणी नेमलेली नाही, पण तिला काढणार कोण? म्हशींच्या बाजारात एक गाडीवाला येतो, भोंगा लावून औषधं विकतो. त्याच्याकडून तिने मधात वळलेल्या काळ्या गोळ्या आणल्या. “झाडपाला आहे, नुसता झाडपाला,” असं तो म्हणाला आणि अक्काने तेच पुढे सांगितलं. लुआंग तांनी चार दिवस घेतल्या आणि पाचव्या दिवशी काठी न घेता भिक्षेला निघाले. गावातली कुत्रीसुद्धा त्यांना ओळखायला जरा थांबली. त्या वर्षी ते आसनाच्या पायऱ्या आपल्या आपण चढले. गायले ते असे गायले की भिकारीसुद्धा तरुण वाटायला लागला.

भिक्खूच्या हाताला जे लागतं ते भिक्खू वाटून टाकतो. लुआंग तांनी उरलेल्या गोळ्या आम्हाला वाटल्या. आम्ही म्हणजे पहिल्या रांगेतल्या बायका, ज्यांना मांडी घालता येत नाही म्हणून भिंतीकडेला प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसतो. आमच्याही गुडघ्यांनी बोलणं सोडलं. अक्का दर बाजाराला जाऊन नव्या पुड्या आणायची आणि लुआंग ता आशीर्वाद देऊन त्या वाटायचे. वर्षभरात आम्हा सगळ्यांचे चेहरे पौर्णिमेसारखे झाले. हातपाय काटक्यांसारखे होत चालले होते, पण तिकडे कोण बघतं? शेजारच्या गावातले लोक म्हणायला लागले की नोंग फाईच्या विहाराचं तेज तिथल्या बायकांच्या तोंडावर दिसतं. आम्ही नम्रपणे मान खाली घालायचो. हनुवटी छातीला लगेच लागायची.

यंदा आख्यानाच्या महिनाभर आधी, उपोसथाच्या, म्हणजे विहारात व्रत पाळायच्या दिवशी, तालुक्याच्या दवाखान्यातली डॉक्टर विलावन आमचं रक्त आणि दाब तपासायला विहारात आली. तरुण पोरगी, आमच्याच बाजूची. आली, चप्पल काढली, मूर्तीला नमस्कार केला आणि आमच्या रांगेकडे बघत उभी राहिली.

“आजी, तुम्ही सगळ्या सख्ख्या बहिणी का?”

“नाही गं पोरी,” अक्का म्हणाली. “ही मुअन माझी जाऊ. ती पलीकडची माझी विहीण. आणि ती टोकाची, तिच्याशी मी बोलत नाही.”

“मग चेहरे असे एकसारखे कसे?”

“पुण्याई,” टोकाची म्हणाली. अक्काला तिचं पहिल्यांदाच पटलं.

डॉक्टरने पिशवी उघडली. एकेकीचा दाब घेतला, बोटातून रक्त काढलं, आणि प्रत्येक वेळी तिचं तोंड थोडं अधिक बारीक झालं. मग ती लुआंग तांसमोर येऊन बसली. तिची नजर त्यांच्या चेहऱ्यावर होती, तिथून खाली पायावर गेली. डाव्या टाचेला केळीच्या सोपट्याची पट्टी बांधलेली होती.

“लुआंग ता, हे काय झालं?”

“अंगण झाडताना बांबूची चीप गेली. पंधराएक दिवस झाले. दुखत नाही.”

बाईने भिक्खूला हात लावायचा नसतो. दवाखान्यात ती लावते, तिथे चालतं, पण इथे पहिल्या रांगेसमोर नको असं तिलाही वाटलं असावं. तिने देतमामाला बोलावलं. देतमामा विहाराचा माईक आणि गावाचे भोंगे बघतो. त्याच्या हातात तेव्हा स्क्रूड्रायव्हर होता. तो त्याने खाली ठेवला.

“पट्टी सोडा मामा. आता हातमोजा घाला आणि बाजूने दाबा.”

देतमामाने दाबलं. आतून जे आलं त्याने देतमामा पांढरा पडला.

“दुखतं का, लुआंग ता?”

“नाही.”

“जरासुद्धा?”

“दाबल्यासारखं वाटतं.”

“एवढा पू आहे, आणि ना लाली, ना सूज, ना ठणका,” डॉक्टर म्हणाली. मग तिने शांतपणे विचारलं, “गुडघ्यांसाठी काय घेता तुम्ही सगळे?”

रांगेतल्या सगळ्या नजरा अक्काकडे वळल्या. अक्काने पदराच्या गाठीतून पुडी काढली. तिला वाटलं डॉक्टरलाही एखादी हवी असेल. डॉक्टरने एक गोळी पाण्यात विरघळवली, पिशवीतून तपासायची पट्टी काढली, बुडवली आणि आम्ही सगळ्या पट्टीकडे बघत बसलो.

“यात स्टेरॉइड आहे,” ती म्हणाली. “झाडपालाही असेल थोडा. पण गुण येतो तो याच्यामुळे. आणि तुमचे चेहरेही याच्यामुळेच.”

विहारात पंख्यांचा आवाज यायला लागला.

“म्हणजे पुण्याई नाही?” टोकाचीने विचारलं.

“असं कसं?” अक्का म्हणाली. “चालायला लागलो की आम्ही. जे बरं करतं ते वाईट कसं?”

डॉक्टरने वर बघितलं. छताजवळ भोंगा होता. “मामा, गावात असे किती भोंगे आहेत?”

“पुष्कळ. एक बिघडला तर दुसरा ऐकू जावा म्हणून.”

“तसंच आहे बघा. गुडघ्यात दोन हाडांच्या मध्ये कुर्चेची गादी असते. वय होतं, वजन वाढतं, वर्षानुवर्षं पाय दुमडून बसतो, गादी झिजते. तिचे कण सुटे होतात. सांध्याला आतून एक अस्तर असतं, त्याला ते कण टोचतात, मग ते अस्तर भोंगा लावतं: आग लागली, आग लागली. हे भोंगे म्हणजे अगदी बारीक रेणू, पेशींनी एकमेकींना धाडलेले निरोप. त्यांना सायटोकाइन म्हणतात.”

“कुठलेही असोत,” अक्का म्हणाली. “पुढे?”

“निरोप ऐकून गादीतल्याच पेशी कामाला लागतात. पण विझवायच्या ऐवजी त्या गादीच तोडायला घेतात, तोडणारे रस सोडतात. मग आणखी कण, आणखी बोंब. सूज, उष्णता, ठणका, सगळं त्या बोंबेमुळे. हे स्टेरॉइड काय करतं, तर सगळ्या भोंग्यांची तार कापतं. गुडघ्याची बोंब थांबते. पण टाचेत चीप शिरली, तिथे जंतू माजले, तिथल्या भोंग्याचीही तार कापलेली. खरी आग लागली तर हाक मारायला कोण उरलं?”

देतमामा आपल्या भोंग्याकडे बघत होता. त्याला हे एकदम पटलेलं दिसलं.

लुआंग ता म्हणाले, “मग एकाच भोंग्याची तार कापता येत नाही का? फक्त गुडघ्यातल्या बोंबल्याची?”

डॉक्टर हसली. “मोठमोठ्या लोकांनी हेच केलं, लुआंग ता. संधिवाताचा दुसरा एक प्रकार असतो, त्यात शरीर आपल्याच सांध्यांवर धावून जातं. तिथे एकेका निरोप्याचं तोंड बंद करणारी औषधं निघाली, आणि अंथरुणाला खिळलेली माणसं उठून चालली. मग तीच औषधं असल्या झिजेच्या गुडघ्यांना देऊन बघितली. फारसा उपयोग झाला नाही. एकाला गप्प केलं की दुसरा बोलतो. का, ते अजून शोधतायत.”

“आपली विहार समिती,” लुआंग ता म्हणाले.

“आणि चरबीसुद्धा हेच निरोप धाडते, आजी. नुसतं वजन गुडघ्यावर पडतं एवढंच नाही.”

“माझ्याकडे बघून का सांगतेस?” अक्काने विचारलं.

त्याच दुपारी लुआंग तांना दवाखान्यात नेलं. टाच कापून साफ केली, जंतूंचं औषध सुरू केलं. काळ्या गोळ्या बंद, पण एकदम नाही. शरीरात स्वतःचं थोडं स्टेरॉइड बनवणारी ग्रंथी असते, ती इतके दिवस आयतं खाऊन झोपी गेली होती. तिला हळूहळू उठवायचं म्हणून मोजक्या मात्रेच्या गोळ्या, दर काही दिवसांनी कमी करत. आम्हा रांगेतल्यांचंही तेच. “गुडघे परत बोलायला लागतील,” डॉक्टर म्हणाली. “घाबरू नका. मलम चोळा, शेक द्या, मांडीचे स्नायू बळकट करा. आणि पाय दुमडून बसणं बंद.”

“आख्यानापुरतं?” लुआंग तांनी विचारलं.

“आख्यानापुरतंही नाही. त्या पायऱ्याही नाहीत. खुर्चीवर बसून गा.”

हे ऐकायला सोपं वाटतं. आसनाच्या पेटीत खुर्ची मावत नाही, देतमामाने मोजून बघितलं. म्हणजे खुर्ची खाली, फरशीवर. आणि इथेच घोडं अडलं. धर्म सांगणारा खाली आणि ऐकणारा वर, असं चालत नाही. त्याच्या बरोबरीने बसणंसुद्धा आमच्याकडे कुणाला रुचणार नाही. लुआंग ता उंच पेटीत बसायचे म्हणून तर आम्ही भिंतीकडेला खुर्च्यांवर बसू शकत होतो. ते फरशीवर उतरले की आमच्या खुर्च्या गेल्या. आम्हाला चटईवर बसावं लागणार. चटईवर बसता आलं असतं तर खुर्च्या कशाला आणल्या असत्या?

समिती बसली. समितीतले पुरुष मांडी घालून बसले, आम्ही दारात उभ्या राहिलो.

“बायकांनी बाहेर ओसरीवर खुर्च्या टाकून ऐकावं,” एक जण म्हणाला.

“आणि आम्ही रांधलेली तुमची खिचडी बाहेरच्या बाहेर कुत्र्यांना घालावी,” अक्का म्हणाली.

“मग पलीकडच्या गावातला तरुण भिक्खू आणू. चढून बसेल. आवाज छान आहे, मोबाइलवर पुष्कळ लोक बघतात त्याला.”

तो मुलगा वाईट नाही. पण तो भिकाऱ्याचा अध्याय बाजारातल्या गाण्यांच्या चालीवर गातो आणि मध्येच श्रोत्यांना टाळ्या वाजवायला सांगतो. भिकाऱ्याला बघून टाळ्या वाजवायला लागलं की आपण भिकारी आहोत हे कधी आठवणार? मी तसं म्हटलं. समितीने माझं म्हणणं ऐकून घेतलं आणि लुआंग तांना झेपलं नाही तर तरुण भिक्खू, असं ठरवून चहा मागवला.

त्या रात्रीपासून नाही, पण त्या आठवड्यापासून गुडघे परत बोलायला लागले. माझा उजवा पहाटे बोलायचा. अक्काचे दोन्ही दिवसभर भांडायचे. लुआंग ता काठीवर आले, मग काठी आणि देतमामा अशा दोघांवर. भिक्षेची फेरी निम्मी झाली. पण टाच ठणकायला लागली होती, आणि ड्रेसिंग करताना लुआंग तांनी पहिल्यांदा “आई गं” म्हटलं तेव्हा डॉक्टर एवढी खूश झाली की देतमामाला ती जरा क्रूर वाटली.

मांडीचा व्यायाम असा होता: खुर्चीवर बसायचं, एक पाय सरळ करायचा, धरून ठेवायचा, सोडायचा. किती वेळ धरायचा ते डॉक्टरने सांगितलं होतं, पण लुआंग तांना आकडे मोजत बसणं रुचेना. ते एक ओळ गायचे आणि ओळ संपेपर्यंत पाय धरून ठेवायचे. त्यांच्या ओळी लांब असतात. दुपारी आम्हीही खुर्च्या घेऊन जायचो आणि त्यांच्या ओळीबरोबर पाय उचलायचो. सगळ्या रांगेचे पाय आवाजाबरोबर वर जायचे आणि ओळीच्या शेवटी, जिथे तो वर चढून थांबतो, तिथे थरथरायचे. अध्याय असा रोज थोडा थोडा ऐकून माझा पाठ झाला. अक्का यायची नाही. “मला काही झालेलं नाही,” ती म्हणायची. गोळ्या तिने आणल्या होत्या. त्यांनी आपण बऱ्या झालो असं ती वर्षभर सांगत आली होती. आता दुखतं म्हणायचं तर सगळंच मागे घ्यावं लागलं असतं.

आख्यानाच्या आदल्या सकाळी भिक्षेच्या रांगेत ती माझ्या शेजारी होती. आपण चिकट भाताचा छोटा गोळा करून पात्रात ठेवतो. अक्काचा गोळा जरा मोठा होता आणि तिने तो फारच हळुवार ठेवला.

“अक्का, आज भात पुष्कळ.”

“तुझ्या डोळ्यात मोतीबिंदू,” ती म्हणाली.

लुआंग ता पात्र धरून उभे होते. भिक्खू पात्रात पडेल ते घेतो, नको म्हणत नाही. त्यांनी घेतलं आणि पुढे गेले. पण जेवणं झाल्यावर त्यांनी अक्काला बोलावलं. मी भांडी विसळत होते, तिथून सगळं ऐकू येत होतं.

“केव, भातात खडा लागला.”

“दात दुखावला का?”

“नाही. मऊ होता. काळा. मधाचा वास होता त्याला.”

अक्का एकदम रडायलाच लागली. तिला मी नवऱ्याच्या दहनाच्या वेळीसुद्धा एवढं रडताना बघितलं नव्हतं. “एका गोळीने काय होतंय? उद्याच्या दिवसापुरती घ्या. चढा वर आणि गा. तो टाळ्यांवाला नको मला. माझं आता किती राहिलंय? पुढच्या चौथ्या महिन्यात मी असेन की नाही, कुणाला ठाऊक!”

“मी तरी असेन का, केव? असावं वाटतं म्हणून तर गिळत नाही.” लुआंग तांनी केळीच्या पानात गुंडाळलेली गोळी तिच्या पुढ्यात ठेवली. “भातासकट परत केला असता, पण भात चांगला होता.”

मग ते जे बोलले ते साधं होतं आणि समितीतल्या कुणालाच सुचलं नव्हतं. भिक्खूने उंच बसलेल्याला धर्म सांगू नये हा नियम खरा. पण त्याच नियमात म्हटलंय की ऐकणारा आजारी असेल तर चालतं. उद्या जी आजारी असेल तिने खुशाल खुर्चीवर बसावं. ते स्वतः त्यांच्या खुर्चीवर बसतील, तेही आजारीच आहेत.

“फक्त तसं म्हणावं लागेल,” ते म्हणाले.

“काय?”

“की आजारी आहे.”

अक्काने डोळे पुसले. “त्या बसतील,” ती म्हणाली. “मी ठीक आहे.”

दुसऱ्या दिवशी भिकाऱ्याच्या अध्यायाची पाळी आली तेव्हा मूर्तीच्या डाव्या हाताला लुआंग तांची लाकडी खुर्ची ठेवली होती. त्यांच्या पायांवर भगवं वस्त्र पसरलं होतं, म्हणजे तळवे कुणाला दिसू नयेत. देतमामाने माईक वाकवून दिला. टाळ्यांवाला मुलगाही आला होता, समितीने बोलावून ठेवला होता, तो कोपऱ्यात शांत बसला होता. आम्ही एकेक जणी पुढे गेलो, हात जोडले, “लुआंग ता, मी आजारी” असं म्हटलं आणि भिंतीकडेला खुर्चीवर जाऊन बसलो. मोठ्याने म्हणताना आधी लाज वाटली, मग बरं वाटलं. टोकाचीने तर आजारांची यादीच सुरू केली, तिला थांबवावं लागलं. डॉक्टर विलावन चटईवर पाय दुमडून बसली होती. तिचे गुडघे अजून तिचं ऐकतात.

अक्का आली, तिने तीन वेळा वाकून नमस्कार केला आणि खांबाजवळ चटईवर बसली. पाय दुमडून, एका बाजूला. बसताना तिने ओठ चावला ते मी बघितलं. लुआंग तांनीही बघितलं.

मग ते गायला लागले.

सुरुवातीला आवाज बसलेला वाटला. गेल्या वर्षीचा जोर नव्हता. ओळ वर चढायची तिथे एकदा फाटली. कोपऱ्यातल्या मुलाने मान वर केली. समितीतल्या एकाने दुसऱ्याकडे बघितलं. मग लुआंग तांनी ओळ परत घेतली, आणि घेताना वस्त्राखालून त्यांचा उजवा पाय सरळ झाला. न बोलावता आमच्या रांगेचे पायही उचलले गेले. त्यांना दिसलं असावं, कारण त्या ओळीला ते वर चढले आणि थांबले. पंखे गप्प झाले.

भिकारी रानात निघाला तेव्हा मूळ कथा सोडून थोडं आपल्या मनाचं गायची मुभा असते. लुआंग ता गायले:

“म्हातारा निघाला रानात, गुडघा बोलला कानात,
आग रे आग, ही आरोळी फिरली अख्ख्या अंगात.
विझवायाला धावले सारे, कुदळी घेऊन हातात,
आग राहिली आगीपाशी, घरच पाडलं क्षणात.”

लोक हसायला लागले. डॉक्टरने तोंडावर हात धरला. लुआंग ता हसले नाहीत, ते गाताना कधी हसत नाहीत.

“वैतागून म्हाताऱ्याने मग बोळा तोंडात कोंबला,
गुडघा झाला गप्प, गावाचा सारा गलका थांबला.
टाचेमधून चोर शिरला, राखणदार झोपला,
दुखलं असतं तर बरं झालं असतं, म्हातारा पुटपुटला.”

शेवटची ओळ वर चढली आणि थांबली. कुणीच हसलं नाही. आणि त्या शांततेत खांबाकडून अक्काचा आवाज आला.

“लुआंग ता!”

मध्येच बोलायची रीत नाही. लुआंग ता थांबले.

“दुखतंय,” अक्का म्हणाली. “दोन्ही. कधीपासून दुखतंय. मी आजारी आहे. मला उठता येत नाही.”

“खुर्ची द्या तिला,” लुआंग ता म्हणाले.

चार माणसांनी तिला खाट उचलावी तसं उचललं आणि आमच्या रांगेत, माझ्या आणि टोकाचीच्या मधल्या खुर्चीवर ठेवलं. टोकाची जरा सरकली. पदराच्या गाठीतून अक्काने केळीच्या पानाची घडी काढून माझ्या हातात दिली. ती मी नंतर डॉक्टरला दिली.

लुआंग ता शेवटपर्यंत गायले. भिकाऱ्याने पोरं मागितली, बापाने दिली, आईला कळलंच नाही; सगळं गायले. समितीतले पुरुषसुद्धा नाकं पुसत होते. कोपऱ्यातल्या मुलाने माईकजवळ येऊन पुढच्या अध्यायाच्या भिक्खूसाठी पाण्याचा पेला ठेवला आणि जाताना लुआंग तांना वाकून नमस्कार केला. लुआंग तांच्या चेहऱ्याचा गोलपणा उतरला होता, गाल आत गेले होते. मागे कुणी तरी म्हणालं की यंदा पुण्याई थोडी कमी दिसते. अक्काने मागे वळून बघितलं आणि ते माणूस गप्प झालं.

“साधु,” आम्ही सगळ्यांनी हात जोडून म्हटलं.

लुआंग तांनी काठी घेतली, देतमामाच्या खांद्यावर हात ठेवला आणि उठले. ‘कट्ट.’ माईक सुरूच होता. सगळ्या गावाला भोंग्यावरून ऐकू गेलं. या वेळी कुणी पोरांकडे बघितलं नाही. मग आम्ही त्यांना दानाचं ताट द्यायला उठलो, एकेक करत, अख्खी रांग. ‘कट्ट. कट्ट. कट्ट.’ अक्का शेवटी उठली, तिचे दोन वाजले.

“माईक बंद करू का?” देतमामाने विचारलं.

“राहू दे,” लुआंग ता म्हणाले. “बोलतायत तर बोलू दे.”